नाण्यांचा संग्रह लिलावात देण्यापूर्वी

आयुष्यभर जमवलेली नाणी आता लिलावगृहामार्फत विकायची, असे मी ठरवले आहे. मुलगी परदेशात स्थायिक झाली आहे आणि १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. याच कारणाने अशा नाण्यांना गिऱ्हाईक देशातलेच मिळते. म्हणून लंडनच्या लिलावांतले आकडे बाजूला ठेवून मी इथल्या लिलावांचे निकाल पाहून भावाचा अंदाज बांधतो आहे.

संग्रहाचा गाभा शिवरायांचा, म्हणजे शिवराई या तांब्याच्या नाण्यांचा आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच मजकूर. पण अक्षरांचे वळण, ऱ्हस्वदीर्घ, ठिपक्यांची किनार आणि मधली लहान चिन्हे यांत एवढी विविधता आहे की ती कळायला अनेक नाणी शेजारीशेजारी ठेवून पाहावी लागतात. यातली बरीच नाणी मोडीच्या ढिगातून वेचलेली आहेत, आणि कोणते नाणे कोणत्या बाजारात मिळाले हे त्या त्या कागदी पुडीवर पेन्सिलीने लिहिलेले आहे. पुडी हरवली की ती माहितीही गेली.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. साठा पांगण्यापूर्वी कोणीतरी तो एकत्र तपासला, म्हणूनच हे प्रमाण आपल्याला ठाऊक आहे. माझा संग्रह त्यापुढे अगदीच लहान, तरीही प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि पुडीवरचा मजकूर नोंदवून झाल्याशिवाय एकही नाणे घराबाहेर जाणार नाही.

विकण्याआधी नाणी चिंचेने घासून लखलखीत करण्याची अनेकांना हौस असते. कृपया तसे करू नका. जुन्या तांब्यावरचा काळपट थर गेला की जाणकार ग्राहक बोलीतून मागे सरतो.

करार करताना विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन, राखीव किंमत (जिच्याखाली माल विकायचा नाही ती), छायाचित्रांचा व विम्याचा खर्च, पैसे मिळण्याची मुदत आणि न विकलेला माल परत येण्याची अट हे सर्व लेखी घेणार आहे. पुरातन वस्तूंच्या संग्रहाला वैयक्तिक वापराच्या वस्तूंची करसवलत लागू होत नाही, त्यामुळे जुन्या पावत्या सनदी लेखापालांकडे आधीच दिल्या आहेत. मोगल रुपये टांकसाळीनुसार वेगळे करून दोन-तीन लिलावांत विभागून देईन, कारण एकाच दिवशी सारखा माल आला की बोली खाली येते. ब्रिटिशकालीन किरकोळ नाणी एकगठ्ठा जातील. शिवराया मात्र फोडायच्या नाहीत, एकच लॉट ठेवायचा, ही माझी अट आहे. तिच्यामुळे रक्कम कमी येईल हे लिलावगृहाने स्पष्ट सांगितले आणि ते मला मान्य आहे. राखीव किमतीला कोणी घेतल्या नाहीत, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला त्या नोंदींसह स्वीकारण्याची विनंती करीन.