अठरा वर्षे पूर्ण होताच चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी

नोव्हेंबर २०१७ मध्ये मला अठरा वर्षे पूर्ण झाली. आम्ही तेव्हा लंडनच्या वायव्येला, हॅरो येथे भाड्याच्या घरात राहत होतो. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी असे आमचे चौघांचे कुटुंब, आणि मी महाविद्यालयात बालसंगोपनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका मराठी ताईंनी मला विचारले, की त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी यांना मी दुपारनंतर सांभाळेन का. शाळा सव्वातीनला सुटत असे आणि ताई कामावरून सहाला घरी पोहोचत असत. मी आनंदाने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी ही गोष्ट महाविद्यालयातील शिक्षिकेला सांगितली. त्यांनी मला तिथेच थांबवले. आठ वर्षांखालील मुलाला स्वतःच्या घरी, मोबदला घेऊन, दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ सांभाळायचे असेल तर इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी बंधनकारक आहे. सव्वातीन ते सहा म्हणजे पावणेतीन तास. मी ताईंकडे जाऊन सांगितले, की नोंदणी होईपर्यंत मला मुले घेता येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "तू सावकाश कर, मी तोवर काहीतरी सोय करते." त्यांच्या त्या एका वाक्याने मला पुढचे आठ महिने धीर दिला.

वयाची अट सोपी आहे, अठरा पूर्ण असले की अर्ज करता येतो. माझ्या वयाची खरी अडचण निराळी होती, आणि अर्ज भरायला बसेपर्यंत ती माझ्या ध्यानातही आली नव्हती. चाइल्डमाइंडर सहसा स्वतःच्या घरात काम करते, म्हणून ऑफस्टेड, म्हणजे शाळा आणि बालसंगोपन यांची तपासणी करणारी इंग्लंडची सरकारी संस्था, अर्जदाराबरोबर तिच्या घराचीही तपासणी करते. अर्जदार तीस-पस्तीस वर्षांची असेल तर ते घर तिचे असते. माझे घर आईबाबांचे होते. ज्या घरात मी तोपर्यंत सर्वांचे ऐकत आले होते, त्याच घरात कामाच्या वेळी वडीलधाऱ्यांनी काय करावे आणि काय करू नये हे ठरवण्याची जबाबदारी आता माझ्यावर येणार होती.

दोन नोंदवह्या असतात. जन्मापासून ते मुलाच्या पाचव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या ३१ ऑगस्टपर्यंतची मुले 'अर्ली इयर्स रजिस्टर'खाली येतात, त्यापुढील मुले 'चाइल्डकेअर रजिस्टर'खाली. ताईंच्या मुलीसाठी मला पहिली लागणार होती आणि मुलासाठी दुसरी, म्हणून मी दोन्हींसाठी अर्ज केला. घरमालकाची लेखी परवानगी घेतली. संदर्भासाठी दोन व्यक्ती हव्या होत्या, आणि इतक्या कमी वयात नातेवाईक नसलेले, मला पुरेसे ओळखणारे दोन प्रौढ शोधणे मला जड गेले. अखेर एक माझी शिक्षिका आणि दुसऱ्या, मी जिथे प्रात्यक्षिकासाठी जात होते त्या पाळणाघरातील एक ज्येष्ठ कर्मचारी, अशी नावे दिली.

घरातील सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. या तपासणीला सर्वजण डीबीएस म्हणतात. आईबाबांनी आपापली कागदपत्रे काढून दिली, पण त्यांना माझ्या व्यवसायासाठी स्वतःचा गेल्या पाच वर्षांचा पत्त्यांचा तपशील भरावा लागतो आहे, हे पाहताना मला संकोच वाटला. भाऊ अर्जाच्या वेळी पंधरा वर्षांचा होता. जूनमध्ये तो सोळाचा झाला आणि अर्ज अजून प्रलंबित असल्याने त्याचीही तपासणी करावी लागली. ज्यांच्या घरी असा भाऊ किंवा बहीण आहे त्यांनी हा वाढदिवस आधीच हिशेबात धरावा, कारण माझे त्यात जवळजवळ पाच आठवडे गेले. डॉक्टरांनी भरून द्यायची आरोग्याची पुस्तिकाही आमच्या दवाखान्यात बराच काळ पडून राहिली. मी दर सोमवारी जाऊन विचारत असे.

या प्रतीक्षेच्या काळात मी बारा तासांचे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले. ते दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावे लागते. एक वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकले तर पाठीवर पाच थापा आणि मग छातीवर पाच वेळा दाब द्यायचा, आणि पोटावर दाब द्यायचा तो फक्त त्याहून मोठ्या मुलांना, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी बाहुली प्रत्यक्ष हातावर पालथी घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते. प्रशिक्षकांनी मला ते सहा वेळा करायला लावले. मी त्यांची आजही ऋणी आहे.

घराची पाहणी मी स्वतः वही घेऊन, गुडघ्यांवर रांगत केली, कारण दोन वर्षांच्या मुलीला घर त्या उंचीवरून दिसते. जिन्याला वर-खाली फाटके लावली. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधून टाकल्या. त्या गळ्याभोवती अडकून लहान मुलांचे जीव गेले आहेत. धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचक यंत्रे तपासली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कायम जेवणाच्या टेबलावर असत, त्या कुलपाच्या कपाटात गेल्या. सर्वांत अवघड होते ते देवघर. आमचे देवघर बैठकीच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर होते, आणि आई तिन्हीसांजेला तिथे निरांजन आणि उदबत्ती लावत असे. तीच मुले घरात असण्याची वेळ. मी दोन दिवस हा विषय टाळला. मग एका रात्री आईला माझी वही वाचायला दिली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "देव आपले वरच्या खोलीत नेऊ. मुले गेल्यावर दिवा लावीन मी." तिने याहून अधिक काही म्हटले नाही, पण त्या रविवारी तिने आणि बाबांनी मिळून देवघर हलवले.

स्वयंपाकघराविषयी थोडे अधिक लिहिते, कारण मराठी घरांतून या व्यवसायात येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. अन्नातील चौदा ॲलर्जीकारक घटकांची एक यादी कायद्याने ठरलेली आहे, आणि त्यांपैकी कोणते घटक जेवणात आहेत हे पालकांना सांगणे आवश्यक असते. ती यादी मी आमच्या मांडणीसमोर उभी राहून वाचली. तीत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत आणि मोहरीही आहे. आमच्या कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत कूट असते आणि फोडणी मोहरीशिवाय होत नाही. बाजारातल्या हिंगाच्या डबीवर अनेकदा बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले असते, म्हणजे ज्या मुलाला गहू चालत नाही त्याला साधे वरणही हिंगामुळे चालणार नाही. मी मुलांच्या जेवणासाठी वेगळा मिसळणाचा डबा केला, त्यासाठी वेगळे चमचे ठेवले, आणि कुटाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला. द्राक्षे घशात अडकू नयेत म्हणून उभी चिरून द्यायची, ही सवय मी घरातल्या सर्वांना लावली.

तपासनीस बाई सप्टेंबर २०१८ मध्ये एका सकाळी आल्या आणि जवळपास तीन तास थांबल्या. त्यांनी ओळखपत्रे पाहिली, प्रत्येक खोली पाहिली, बागेच्या फाटकाची कडी स्वतः ओढून पाहिली. मग आम्ही टेबलाशी बसलो. एका वेळी किती मुले घेता येतील? मी सांगितले, की आठ वर्षांखालील सहा, त्यांत शाळेच्या वयाआधीची जास्तीत जास्त तीन, आणि एक वर्षाखालील साधारणपणे एकच. दोन वर्षांच्या मुलीची प्रगती कशी पाहणार? मी बोलणे, हालचाल आणि भावनिक जडणघडण या तीन मूलभूत क्षेत्रांपासून सुरुवात केली, आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान पालकांना द्यायच्या लेखी आढाव्याविषयी सांगितले. हे सगळे मला येत होते, कारण ते मी दोन वर्षे शिकत होते.

मग त्यांनी शांतपणे विचारले, "एखाद्या मुलाने तुमच्या वडिलांविषयी तक्रार केली तर तुम्ही काय कराल?"

बाबा त्या वेळी वरच्या खोलीत होते. त्यांच्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता. मुलांच्या सुरक्षेविषयी मी लिहून ठेवलेल्या धोरणात 'घरातील प्रौढ व्यक्ती' असे शब्द होते, आणि ते शब्द लिहिताना मी एकदाही बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला नव्हता. मी म्हटले, की असे होणे शक्य नाही. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारला. तेव्हा मी उत्तर दिले, की मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेईन, स्वतः चौकशी करणार नाही, बाबांना मुलांजवळ येऊ देणार नाही, स्थानिक प्रशासनातील नेमलेल्या अधिकाऱ्याला लगेच कळवीन, आणि ऑफस्टेडलाही शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चौदा दिवसांच्या आत कळवीन. माझा आवाज नीट निघत नव्हता. त्यांनी मान हलवली आणि वहीत काही लिहिले. माझ्या वयाविषयी त्यांनी तीन तासांत एकही प्रश्न विचारला नाही, पण मला वाटते, त्या एका प्रश्नातच त्यांनी ते विचारून घेतले होते. संध्याकाळी मी बाबांना तो प्रश्न आणि माझी दोन्ही उत्तरे सांगितली. ते म्हणाले, "दुसरे उत्तर बरोबर आहे. ताईंची मुले आहेत ती."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आले. त्याआधी अर्ली इयर्स रजिस्टरचे ३५ पौंडांचे शुल्क भरून झाले होते, आणि मुलांची छायाचित्रे व नोंदी ठेवणार असल्याने माहिती-संरक्षणाची वेगळी नोंदणीही केली होती. दायित्वाचा विमा आणि करविभागाकडे स्वयंरोजगाराची नोंद ही कामे त्यामानाने लवकर आटोपली. नंतर चौकशीसाठी आलेल्या एका आईने माझे वय ऐकताच नम्रपणे निरोप घेतला, आणि मला त्याचे वाईट वाटले. परंतु आपले मूल कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच होता.

ताईंची मुलगी पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने बूट काढायला नकार दिला आणि दारातच बसून राहिली. मी तिच्याजवळ खाली बसले. तिचा भाऊ आत जाऊन खेळण्यांची पेटी पाहून आला आणि त्याने तिला मराठीत सांगितले, की आत लाकडी गाडी आहे. ती उठली, बुटांसकट. वेळ तीन वाजून चाळीस मिनिटे. उपस्थितीच्या वहीत मी दोघांची नावे लिहिली आणि पुढे सही केली.