बोगदा झाला, बोट राहिलीच

नॉर्वेतल्या हार्स्टाड शहराहून ब्यार्कोय बेटांचा रस्ता नकाशावर काढला, तर पाण्यात मध्येच तुटक रेघ येते. आजही. ती फेरीबोट. दिवसभर तीच रेघ डोक्यात आहे.

उत्तर नॉर्वेतली ब्यार्कोय ही छोटी बेटांची नगरपालिका १ जानेवारी २०१३ला हार्स्टाडमध्ये विलीन झाली. बदल्यात हवा होता पक्का रस्ता. तो डिसेंबर २०१८मध्ये सुरू झाला: ब्यार्कोया ते ग्रीटोया या बेटांमध्ये समुद्राखालून सुमारे सव्वातीन किलोमीटरचा बोगदा, आणि ग्रीटोया ते सान्सोया बेट पूल.

म्हणजे बेटं एकमेकांना जोडली गेली. हार्स्टाडला नाही! ग्रीटोयावरच्या ब्यार्नारोहून समोर हार्स्टाडच्या बाजूच्या स्टूरनेसला बोटच. आधी बेटाबेटांत बोटी बदलत बसावं लागे, आता एकच. पण शेवटची चुकली की बोगदा असून उपयोग काय?

आणि बोगदा म्हणजे एकदा खणला की झालं, असंही नाही. वर खडकाचं पुरेसं छप्पर हवं (नॉर्वेत साधारण ५० मीटर धरतात), म्हणून रस्ता आधी खोल उतरतो, मग चढतो. फटींतून झिरपणारं पाणी तळाशी साठतं, ते पंपाने सतत बाहेर काढावं लागतं. त्यात ते खारं, पंप-पाइप गंजवणारं.

गंमत म्हणजे १०३०मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत नॉर्वेच्या राजा ओलाफविरुद्ध लढलेला सरदार तोरे हुंड ब्यार्कोयचाच. तेव्हा हे बेट सत्तेचं ठाणं होतं, आणि समुद्र हाच हमरस्ता.

आपण याला ‘दुर्गम’ कधीपासून म्हणायला लागलो?