ती फट बुजवत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एकदा नाही, दर जानेवारीत विचारता. हळदीकुंकवाला येता, दारात बूट काढता, कोट आतल्या पलंगावर टाकून हॉलमध्ये बसता, आणि थोड्या वेळात कुणाची तरी नजर वर जाते. "अगं, छताखालच्या पट्टीला फट पडलीये. बुजवून का घेत नाहीस?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: "एवढा उद्योग स्वतः कशाला केलास? माणूस बोलवायचा." आणि कुणी ताट घेऊन जेवणाच्या खोलीत गेलं की तिसरा: "इथे का नाही लावली पट्टी?" मी "करायचंय अजून" म्हणते आणि चहा बघायला उठते. ते उत्तर खोटं आहे. खरं उत्तर हातात वाण घेऊन दारात उभ्याउभ्या ऐकण्याइतकं लहान नाही.

घर कधी घेतलं, अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये का, एकमजलीच का, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते सोडते.

आधी माणसाचं. माणूस बोलावला होता. हॉल आणि जेवणाची खोली मिळून त्यानं 1,600 डॉलर सांगितले. परवडले असते. पण मला ते काम करायचं होतं. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथली ती लाकडी पट्टी, क्राउन मोल्डिंग, मी या देशात आल्यापासून दुसऱ्यांच्या घरात बघत होते. पुण्यात पीओपीची कॉर्निस करतात, पण ती कारागीर जागेवर ओढून करतो, आपण नुसतं बघायचं. इथे पट्टी तयार मिळते, करवत दुकानात मिळते, आणि शेजारची बाई शनिवारी स्वतःच्या घराला लावते. मला बारा वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर काम करून कंटाळा आला होता. हाताला लागेल असं काहीतरी करायचं होतं. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटत नाही, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. "नवऱ्यानं नाही का केलं?" असंही विचारता. नाही केलं. त्याला आवड नाही. मला आहे.

2018 च्या सप्टेंबरात काम काढलं. हॉल 15 फूट बाय 18 फूट. सोळा फुटी पट्ट्या आणल्या, तुकडे जोडून केलेल्या पाइनच्या, प्रायमर मारलेल्या. ही पट्टी भिंतीला चिकटून उभी राहत नाही, भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी टेकते, आणि म्हणूनच ती अवघड. कापताना करवतीवर उलटी ठेवावी लागते: छताला लागणारी कड खाली टेबलावर, भिंतीला लागणारी कड मागच्या आधाराला टेकवून. म्हणजे डोक्यात खोली उलटी करायची, डावं उजवं करायचं, आणि मग पातं खाली आणायचं. पहिल्या आठवड्यात मी तीन तुकडे वाया घालवले. मग शहाणी झाले आणि हातभर लांबीचे चार नमुने कापून त्यांच्यावर "आतला डावा", "आतला उजवा", "बाहेरचा डावा", "बाहेरचा उजवा" असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं. ते अजून गॅरेजमध्ये आहेत.

आतले कोपरे मी 45 अंशांत कापून भिडवले नाहीत. घराचा एकही कोपरा काटकोनात नसतो. गुण्या लावून बघितलं, आमचा एक कोपरा साडेएक्क्याण्णव अंशांचा निघाला. तिथे दोन तिरके काप भिडवले तर सांधा उघडाच राहतो. म्हणून एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवायची आणि दुसरीचं टोक बारीक पात्याच्या करवतीनं तिच्या नक्षीबरहुकूम कोरायचं, मागच्या बाजूनं थोडं जास्त खाऊन, म्हणजे ती पहिलीवर नेमकी बसते. नंतर कानस. मग पुन्हा लावून बघायचं, पुन्हा कानस. एका सांध्याला मला दोन तास लागायचे. ते सांधे आजही घट्ट आहेत. कधी वर बघाल तेव्हा तेही बघा, एवढीच विनंती आहे. त्यांच्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता फटीचं.

सोळा फुटी पट्टी एकटीनं लावता येत नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुलगी. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि तिनं आपणहून येते म्हटलं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीची पट्टी आम्ही पहिली लावली. ती 15 फुटांची, अखंड, मध्ये जोड नाही. मुलगी शिडीवर उभी राहून हात वर करून टोक छताला दाबून धरून होती, मी माझ्या टोकापासून खिळे मारत निघाले, आणि चौथ्या खिळ्याला नेल गन अडकली. मी खाली उतरले, गन उघडली, वाकडा खिळा काढला, पुन्हा वर चढले, पुन्हा अडकली. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. तिला "सोड, खाली ये" म्हणायचं मला सुचलं नाही. उलट मी दोनदा म्हटलं, "हलवू नकोस हं." तिनं हलवलं नाही. शेवटचा खिळा मारून मी तिच्याकडे गेले तेव्हा तिचे दंड थरथरत होते आणि ती हसत होती. त्या रात्री आम्ही दोघी खाली गालिच्यावर आडव्या पडून ती पट्टी बघत होतो. छताशी कागद सरकणार नाही इतकी घट्ट बसली होती.

महिन्याभरात चारी भिंती झाल्या. दिवाळीला तुमच्यातल्या बऱ्याच जणी आलात, कौतुक केलंत. जेवणाच्या खोलीसाठी लाकूड आणून ठेवलं होतं, ते नाताळच्या सुट्टीत करायचं ठरलं, पण सुट्टीत आम्ही भारतात गेलो. परत आलो आणि संक्रांत आली.

त्या 2019 च्या हळदीकुंकवाला तुमच्यापैकी निदान दहाजणी होतात. कुणी बोललं ते मी सांगणार नाही, तिचा काही दोष नाही. तिनं वर बघून म्हटलं, "अगं, ही पट्टी छतापासून सुटलीये की." मी वर बघितलं. मधल्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, पट्टी आणि छत यांच्यामध्ये पाव इंचाची काळी रेघ. मी आल्यापासून छताकडे बघितलंच नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. मुलगी तिळगुळाचं ताट घेऊन तिथेच उभी होती. आणि मी म्हटलं, "हिनं धरली होती ती. नीट दाबून धरली नाही, दुसरं काय."

मराठीत म्हटलं. तिला मराठी नीट कळतं, तुमच्या मुलांपेक्षा जास्त कळतं, हे तुम्हीच म्हणता. तिनं ताट टीपॉयवर ठेवलं आणि आत गेली. कुणीतरी हसून म्हटलं, "अगं लहान आहे ती," आणि विषय साडीवर गेला. तुमच्यापैकी कुणाला हे आठवतही नसेल. रात्री मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, मी सोडलं नव्हतं." मी म्हटलं, "बरं, जाऊ दे आता." तेवढंच. उरलेल्या लाकडाला तिनं नंतर हात लावला नाही, आणि मी लाव म्हटलंही नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तुला काय माहीत होतं? दुसरं काय कारण सुचणार होतं? वीस बायकांसमोर तुझ्या कामावर बोट ठेवलं गेलं, तोंडातून निघून गेलं. मी तिला सांगते, कारण सुचण्यासारखं होतं. बाहेरच्या भिंतींवरच्या पट्ट्याही तिनंच धरल्या होत्या. तिथे फट नव्हती. ते मला त्या क्षणी, त्याच खोलीत दिसत होतं. ती म्हणते, एका वाक्याचं इतकं काय? तिथे मी गप्प बसते, कारण कधी कधी मलाही तसंच वाटतं.

फेब्रुवारीत मी फट भरून टाकली. रंग बसेल असं सीलंट भरलं, बोटानं ओढून साफ केलं, वरून रंग. जूनमध्ये एका सकाळी बघते तर ते सीलंट दाबून बाहेर आलेलं, छताखाली पांढरी वळी लोंबत होती. फट मिटली होती. पट्टी सप्टेंबरात होती तशी छताला टेकलेली. मी शिडीवर चढून खिळे तपासले. एकही हललेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांकडे खिडक्या बसवायला एक म्हातारे सुतार आले होते. त्यांना आत बोलावून दाखवलं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "हिवाळ्यात उघडते ना?" मग दोन मिनिटांत समजावलं. आमच्या छपराला लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आहेत, दर 24 इंचांवर एक. कैचीची खालची तुळई, जिला आमचं छत ठोकलेलं आहे, ती ऊब धरून ठेवणाऱ्या जाड थराखाली, इन्सुलेशनखाली, दबलेली असते. हिवाळ्यात खालून घराची ऊब, त्यामुळे ती सुकते आणि किंचित आखडते. वरचे दोन तिरके वासे थंड माळ्यात उघडे, ते दमट हवेतलं पाणी पितात आणि किंचित वाढतात. वरचं वाढलं, खालचं आखडलं, की सगळी कैची मध्यावर कमानीसारखी वर उचलते आणि छताला घेऊन जाते. बाहेरच्या भिंतींवर कैची टेकलेली असते, तिथे काही होत नाही. मधल्या भिंतीवर फट पडते. उन्हाळ्यात सगळं खाली येतं. पुढच्या जानेवारीत मी स्वतः माळ्यावर चढून बघितलं. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर हिम जमलेलं होतं आणि इन्सुलेशनखाली हात घातला तर खालचं लाकूड कोमट आणि कोरडं.

चूक माझीच होती, आणि ती धरण्यातली नव्हती, ठोकण्यातली होती. मी सगळे खिळे भिंतीतल्या उभ्या लाकडांत मारले होते, कारण ती दर 16 इंचांवर असतात आणि सापडायला सोपी. कैच्या शोधायचा कंटाळा केला. अशा भिंतीवर पट्टी फक्त छताला ठोकायची असते. मग छत उचललं की पट्टी त्याच्याबरोबर वर जाते, भिंतीवरून नुसती सरकते. भिंतीचा रंग पट्टीमागे थोडा वरपर्यंत नेला की कळतही नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की मला हे माहीत होतं. राजापूरजवळच्या आमच्या घरात ओटीचं दार पावसाळ्यात फुगायचं. लागायचं नाही, लागलं तर उघडायचं नाही. कुणी रंधा आणला की आजोबा ओरडायचे, "पावसात लाकूड तासू नका, उन्हाळ्यात फट पडेल." दसरा झाला की दार आपोआप सैल व्हायचं. लाकूड पाणी पितं हे मी पाचव्या वर्षापासून बघत आले. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, ही म्हणही तेव्हापासूनच ऐकलेली. इथे वासे खरोखरच फिरत होते, आणि मी घरातल्या माणसावर फिरले.

मुलीला मी जुलैमध्ये सांगितलं. कागदावर कैची काढून दाखवली, खालचं सुकतं, वरचं वाढतं, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हटलं, "तुझी काही चूक नव्हती." ती म्हणाली, "मला माहीत होतं." तुम्हाला वाटेल, झालं की मग. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी तिला खोलीत, दोघीच असताना सांगितलं. बोलले होते सगळ्यांसमोर.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. त्या दिवशी जे ऐकलंत ते खरं नव्हतं. तिनं पट्टी नीट धरली होती.

फट मी आता हिवाळ्यात बुजवत नाही, कारण बुजवलेलं जूनमध्ये बाहेर येतं. कायमचं करायचं तर मधल्या भिंतीची पट्टी सैल करायची, मागून पातं घालून भिंतीतले खिळे कापायचे, आणि पट्टी नव्यानं छताला ठोकायची, तीही फट मिटलेली असताना, म्हणजे उन्हाळ्यात. एका दिवसाचं काम आहे. माणूस बोलावला तर अर्ध्या दिवसाचं. जेवणाच्या खोलीचं लाकूड गॅरेजमध्ये आकड्यांवर आडवं ठेवलंय, सरळ राहिलंय, अजून चालेल.

मुलगी कॉलेजला गेल्यापासून डिसेंबरात येते. तेव्हा फट उघडायला लागलेली असते. ती वर बघत नाही, किंवा मी बघत असताना बघत नाही. उन्हाळ्यात ती इथे नसते. नवरा म्हणतो, "अगं, दुसरं टोक मी धरतो, करून टाकू." गेली दोन वर्षं म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.