तोकार: फोन वाजतो, गिटार वाजवतात, दोन्हीला एकच क्रियापद

पोर्तुगीजमधलं माझं सगळ्यात लाडकं क्रियापद म्हणजे तोकार. फोन वाजला की तोकार, चर्चची घंटा वाजली की तोकार, पियानो वाजवा नाहीतर दारावरची बेल वाजवा, तोकारच. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडकतात, कारण त्यांच्या एका प्लेसाठी इथे तीन क्रियापदं आहेत, मुलं खेळतात ते ब्रिंकार, फुटबॉल किंवा पत्ते खेळतात ते जोगार आणि वाद्याला तोकार. आपल्याला मात्र हे आधीपासूनच येतं, मराठीत गिटार कोणी खेळत नाही ना, वाजवतातच!

सवय करावी लागते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे वाजणं वेगळं आणि वाजवणं वेगळं, तिकडे फोनही "तोका" आणि पियानो वाजवणारी मुलगीही "तोका", कोण वाजतंय आणि कोण वाजवतंय ते वाक्यावरून समजून घ्यायचं.

आणि याच शब्दाचा दुसरा मोठा अर्थ आहे हात लावणं. शब्द मुळात टकटक अशा आवाजावरूनच आला असावा असं मानतात, म्हणजे हात लागला आणि आवाज झाला, दोन्ही एकातच, मला हे फार सुंदर वाटतं. स्पर्शाच्या अर्थाने वापरताना बहुतेक वेळा पुढे एं हे अव्यय येतं, आणि ते विषयालाही लागतं बरं का, आपण विषयाला हात घालतो अगदी तसंच.

कानाला कसं वाटतं हे सांगायचं असेल तर मात्र सोआर. "सोआ बें" म्हणजे ऐकायला छान वाटतंय. फक्त सुआर म्हणजे घाम येणं, आणि मूळ रूपात दोन्हींचा उच्चार बरेचदा सारखाच ऐकू येतो, तिथे जरा जपून.

ब्राझीलमध्ये तर तोकारची एक आरोळीच आहे, "तोका हाउल!", म्हणजे राउलचं वाजव (तिकडे सुरुवातीच्या र चा ह होतो). राउल सेइशास हा तिथला रॉक गायक 1989 मध्ये गेला, पण आजही स्टेजवर कुठलाही बँड असो, गर्दीतून कोणीतरी हे ओरडतंच. क्रियापद शिकायचं तर असं, लोकांच्या तोंडून. आणि हो, लिहिताना "मी वाजवलं" म्हणजे तोकेइ, त्यात सी जाऊन क्यू-यू येतो, परीक्षेत हे हटकून विचारतात.