बांधाखालचं पाणी

नाशिकजवळचं गिरणारं मागे टाकून हरसूलच्या रस्त्याला लागलं की 'लेक व्ह्यू'च्या पाट्या सुरू होतात. गंगापूर धरणाचा फुगवटा दिसतो तिथवर त्या पाट्या खऱ्या असतात. पुढे तळंच नसतं, मग लोक तळंच बांधायला घेतात. अशाच एका प्लॉटिंगचा मातीचा बांध आणि आतले रस्ते माझ्या देखरेखीखाली झाले. परवानग्यांचं काम दुसऱ्याच माणसाकडे होतं आणि त्यावर वेगळा ग्रंथ होईल, त्यात शिरत नाही.

बांध लहानच. पायापासून मोजला तरी नऊ मीटरच्या आत, म्हणजे 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यातही न बसणारा; तो कायदा दहा मीटरच्या पुढच्या धरणांचं बघतो. प्लॉटिंगचे मालक, आमचे शेठ, त्यांना ही मोठी सवलत वाटली. मला तसं वाटलं नाही, कारण बांधाखाली त्याच नाल्याच्या काठाला एक आदिवासी वस्ती आहे, आणि नऊ मीटरच्या बांधामागचं पाणी सुटलं तर त्या वस्तीला पुरून उरेल.

रस्ते आणि बांध एकत्र करण्याचा एक फायदा मात्र मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. रस्त्याची वैरीण म्हणजे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर कितीही डांबर ओता. म्हणून रस्त्याच्या आखणीतली काळी माती दोन-दोन फूट काढायची आणि त्या जागी मुरूम भरायचा. इकडे बांधाच्या पोटात, म्हणजे हार्टिंगला, नेमकी तीच चिकण माती लागते, कारण तिच्यातून पाणी सहजी जात नाही. एका ठिकाणचा कचरा दुसऱ्या ठिकाणी सोन्यासारखा. नमुने नाशिकच्या मेरीत, म्हणजे सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, तपासून आणले, मुळं-कुंधा वेचून काढला आणि माती सरळ बांधावर नेली. नऊ इंचांचा थर पसरायचा, टँकरने पाणी मारायचं, शीपफूट रोलरने दाबून सहा इंचांवर आणायचा. कोअर कटरने घनता बघायचीच, पण आमचे मुकादम त्याआधी मुठीत मातीचा गोळा वळून बघायचे. गोळा वळला, तळहात ओला झाला नाही आणि बोटाने दाबल्यावर फुटला, तर ओलावा बरोबर. प्रयोगशाळेचा आकडा आणि त्यांची मूठ यांत मला कधी फारसा फरक सापडला नाही.

भांडण झालं ते मुरमावरून. मुरूम बांधाच्या केसिंगलाही, म्हणजे बाहेरच्या आवरणालाही, हवा आणि रस्त्यालाही. शेठचं म्हणणं, तळ्याच्या पोटातूनच, बांधाला लागून काढा, तळं आपोआप खोल होईल. बांधाच्या वरच्या अंगाला नाल्याच्या तळात जो गाळ-मातीचा थर असतो तो पाणी मुरू देत नाही. तो खरवडला तर पाण्याला बांधाखालून वाट मिळते. म्हणून बांधाजवळ पोकलेन लावायचं नाही, असं मी लेखी दिलं होतं. नाल्यात कोणी लावलं नाही. उजव्या टेकडीला मात्र, आतल्या रस्त्यासाठी मुरूम हवा म्हणून, मी साइटवर नसताना चांगली आठ-दहा फूट सोलून काढली होती. तेव्हा चिडलो, पत्र लिहिलं, पत्र फायलीला लागलं.

दुसरं भांडण सांडव्याचं. पाणलोट दोन चौरस किलोमीटरचा. सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांसाठी आपल्याकडे इंग्लिसचं सूत्र वापरतात; त्याने पुराचा आकडा येतो सेकंदाला 70 घनमीटर. सांडव्यावरून सव्वा मीटर पाणी जाऊ द्यायचं म्हटलं तरी तीस मीटर रुंदी लागते. शेठनी नकाशावर ती पट्टी बघितली. तळ्याला लागून असलेले दोन उत्तम प्लॉट गेले होते.

"साहेब, या ओहोळात उन्हाळ्यात माठ भरत नाही. सत्तर घनमीटर कुठून आणता?"

"त्र्यंबकच्या डोंगरातून," मी म्हणालो.

नाशिक शहरात राहणाऱ्याला पावसाचा खरा अंदाज नसतो. शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि पश्चिमेला डोंगराकडे सरकत जाल तसा तो भराभर वाढत जातो, इगतपुरीला तर तीन हजारांच्या पुढे. सांडवा तीस मीटरचाच झाला.

जूनअखेर बांध माथ्यापर्यंत आला. पाण्याकडच्या उताराचं पिचिंगही उरकलं. वडार मंडळींनी एकेक दगड हातोडीने घडवून, फटीत चिपा ठोकून ते असं बसवलं होतं की बघत राहावं. रस्त्यांचं खडीकरण झालेलं, डांबर दिवाळीनंतर. पहिल्या पावसात विमोचकाची, म्हणजे तळ्यातलं पाणी खाली सोडायच्या वाटेची, झडप अर्धी उघडी ठेवायची आणि तळं सावकाश चढू द्यायचं, असं ठरलं होतं. 'ठरलं होतं' म्हणजे मी सांगितलं होतं आणि शेठ गप्प बसले होते.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी सहाच्या सुमारास वॉचमनचा फोन. "साहेब, बांधाखालून पाणी निघालंय. उजव्या अंगाला."

आमच्या पिढीच्या इंजिनिअरला हे वाक्य ऐकलं की एकच नाव आठवतं. पानशेत. 12 जुलै 1961. तेही मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आत पहिल्याच पावसाळ्यात भरत गेलेलं. आणि ती जुनी गोष्ट म्हणावी तर कोकणातलं तिवरे फुटलं ते 2019 च्या जुलैतच. गाडीत बसल्याबसल्या वॉचमनला दोन कामं सांगितली: झडप पूर्ण उघड, आणि खालच्या वस्तीत जाऊन सांग की आज नाल्याच्या काठाला गुरं-पोरं नकोत, आणि मी फोन केला तर सगळ्यांनी देवळाच्या टेकावर जायचं.

पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. बांध जिथे उजव्या टेकडीला भिडतो त्या कोपऱ्यात, टो ड्रेनच्या, म्हणजे पायथ्याच्या चराच्या, बाहेर, घोंगडीएवढी जागा ओली होती आणि तिच्या मधोमध पाणी बुडबुडत होतं. फार नव्हतं. साधारण करंगळीएवढी धार. पण धार किती यापेक्षा ती काय घेऊन येतेय ते बघायचं असतं. स्वच्छ पाणी निघालं तर तो पाझर. मातीचा बांध थोडा पाझरणारच. गढूळ निघालं तर आत माती वाहतेय, पोकळी वाढतेय, आणि मग तास मोजायचे.

गाडीतली पाण्याची बाटली रिकामी केली, तिथे तिरकी धरून भरली आणि बॉनेटवर ठेवली. पाणी गढूळ होतं. पोटात गोळा आला.

तेवढ्यात शेठ आले. बाराला मुंबईची मंडळी प्लॉट बघायला येणार होती, मांडव पडला होता, भज्यांचं तेल तापत होतं. त्यांनी ओली जागा बघितली आणि म्हणाले, "दोन डंपर मुरूम टाका ना. दाबून टाका. दुपारपुरतं."

दाबायचंच नसतं. पाण्याचं तोंड बंद केलं की ते आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं, बहुतेक वेळा मोठ्याने. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी उलटी गाळणी: आधी जाडसर वाळू, तिच्यावर बारीक कच, तिच्यावर चाळीस एमएमची खडी, वर दगड. नशीब असं की हे सगळं रस्त्यासाठी आणलेलं साइटवरच पडून होतं. मुकादमांनी माणसं लावली. कोणी काही विचारलं नाही; घमेली भरभर हलत होती आणि मांडवातला स्पीकर मात्र सनई वाजवत होता.

अर्ध्या तासाने बाटलीकडे परत आलो. वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाशी गाळाचा नखाएवढा थर बसला होता. तांबडा. मी बाटली उजेडात फिरवून फिरवून बघितली. मुकादमांना दाखवली. बांधाच्या पोटात काळी माती, अंगावर पिवळा मुरूम. तांबडी माती आम्ही बांधात कुठेच घातली नव्हती.

याच वेळी वस्तीतले एक बाबा काठी टेकत वर आले होते. वॉचमनने त्यांनाच उठवून सांगितलं होतं आणि प्रकरण काय आहे ते बघायला ते आले होते. थोडा वेळ आमची धावपळ बघून म्हणाले, "इथं तर पाणी येतंच. पाऊस लागला का फुटतंय, शिमग्यापर्यंत राहतंय. आमची गुरं इथंच पाणी प्यायची."

"बाबा, आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं व्हतं का?"

याला उत्तर नव्हतं. सर्व्हे झाला तो एप्रिल-मेमधे, तेव्हा ती जागा ठणठणीत कोरडी होती. दाखवा म्हटल्यावर बाबांनी काठीने टेकडीच्या अंगाला, ओल्या जागेपासून चांगलं दोन पुरुष उंच असलेलं ठिकाण दाखवलं. तिथला सुटा मुरूम आणि दगड हाताने काढायला लावला. आत दोन खडकांच्या थरांमधे वीतभर जाडीचा तांबडा मातकट पट्टा होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. आपल्या बेसाल्टच्या डोंगरात असे पट्टे बऱ्याच ठिकाणी असतात. लाव्हाच्या दोन थरांमधली ही जुनी, भाजलेली माती. डोंगरात मुरलेलं पाणी अशा पट्ट्यावर येऊन अडतं आणि त्याच्या कडेने बाहेर पडतं. सह्याद्रीतले कितीतरी झरे असेच आहेत. इथलं पाणी पट्ट्यातून निघून सुट्या मुरमाच्या आतून उतरत खाली बांधाच्या कोपऱ्यात फुटत होतं.

पण दिसतं म्हणून धरून चालायचं नसतं. उंची मोजायची दुर्बीण, ऑटो लेव्हल, लावली. स्टाफ, म्हणजे तिची मोजपट्टी, एकदा तळ्याच्या पाण्यावर धरला, एकदा त्या पट्ट्यावर. पट्टा तळ्यातल्या पाण्यापेक्षा 62 सेंटिमीटर वर निघाला. रीडिंग परत घेतलं, तेवढंच. तळ्यातलं पाणी चढावर जाऊन तिथून बाहेर पडणं शक्य नव्हतं. म्हणजे पाणी डोंगराचं होतं, बांध निर्दोष होता.

शेठनी हे ऐकलं आणि माझा हातच धरला. "म्हणजे आता झडप बंद करायला हरकत नाही! मंडळी येईपर्यंत फूटभर तरी चढेल."

खरी कसोटी इथे होती, सकाळच्या फोनपेक्षाही. कारण त्या दिवशी तळं पट्ट्याच्या खाली होतं, पण पूर्ण भरल्यावर तळं पट्ट्याच्या दोन मीटर वर जाणार होतं. तोच पट्टा टेकडीच्या आतून बांधाच्या वरच्या अंगालाही जात असणार, आणि रस्त्याच्या मुरमासाठी टेकडी सोलली होती ती नेमकी तिथेच. बघायला गेलो तर पाण्याच्या थोडं वर, सोललेल्या कातळात, तांबडी रेघ स्पष्ट दिसत होती. तळं तिथवर चढलं की आज डोंगराचं पाणी बाहेर सोडणारी वाट उद्या तळ्याचं पाणी बांधाला वळसा घालून खाली नेणार, आणि जाताना ती भुसभुशीत माती थोडी थोडी धुवून नेणार.

शेठना ती रेघ हाताने दाखवली. म्हणालो, या पावसाळ्यात तळं या रेघेच्या वर जाणार नाही. झडप उघडी राहील, शिवाय सांडव्याच्या उंबऱ्यात तात्पुरती खाच पाडू. उंबऱ्याचं काँक्रीट तिथे अजून व्हायचंच होतं, हे बरं झालं.

"अर्धं तळं दाखवून प्लॉट विकू?"

"अर्धं दाखवा. नाहीतर मी लिहून देतो की माझा संबंध संपला, आणि ते पत्र खालच्या ग्रामपंचायतीलाही जाईल."

शेठ वाईट माणूस नाही. व्याजाने पैसे घेतलेला माणूस आहे, त्यात फरक असतो. पाच मिनिटं ते मांडवाकडे बघत उभे राहिले, मग फोन काढून कोणाला तरी म्हणाले, पाणी अजून चढायचंय, पुढच्या वर्षी बघाल. मुंबईची मंडळी आली, पावसाच्या सरीत भजी खाल्ली, अर्ध्या तळ्यासमोर फोटो काढले. त्यांतल्या एकाने प्लॉटही बुक केला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला तांबड्या पट्ट्यातली सैल माती खरवडून काँक्रीट भरलं, त्यावर थराथराने काळी माती दाबून टेकडीला जाड अस्तर दिलं आणि वर पिचिंग केलं. खालच्या अंगाला झऱ्यापासून नाल्यापर्यंत गाळणीचा पक्का चर काढला, शेवटी वाहतं पाणी मोजायला पत्र्याचा व्ही नॉच बसवला. वॉचमन रोज तळ्याची पातळी आणि नॉचवरची पट्टी वहीत लिहितो. रस्त्याच्या वरच्या बाजूची गटारं टेकडीत न मुरता थेट मोरीत जातील अशी वळवली. त्या पावसाळ्यात तळं टप्प्याटप्प्याने भरलं, प्रत्येक टप्प्याला काही दिवस थांबून. पावसाची उघडीप असली की नॉचवरचं पाणी कमी होतं, तळं वाढलं म्हणून वाढत नाही. बाटली मी अजून भरून बघतो. निवळ असते.

झऱ्याजवळ शेठनी आता बाक टाकलेत, सोनचाफा लावलाय. त्या बाजूच्या प्लॉटचा दर बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. नव्या ब्रोशरमधे 'बारमाही नैसर्गिक झरा' असं छापलंय. बाबांचं म्हणणं अजून शिमग्यापर्यंतचंच आहे.