नव्या जनरेटरला भार हवा

मंगळवार

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना बसवलेला 12 किलोवॅटचा डिझेल जनरेटर आज गेटवेसमोर नांगरावर असताना खऱ्या कामाला जुंपला. पुस्तिकेने पहिले 50 तास रनिंग-इनसाठी, म्हणजे नवे यंत्र रुळवण्यासाठी, सांगितले आहेत आणि या काळात यंत्र रिकामे किंवा अगदी हलक्या भारावर फार वेळ चालवू नये, असे स्पष्ट बजावले आहे. आमच्या तांडेलांना नेमके हेच पटत नव्हते. "साहेब, नवीन मशीन आहे, जरा दमानं घ्या," असे ते सकाळपासून सांगत होते. त्यांची काळजी खरी असली तरी डिझेल इंजिनाच्या बाबतीत ती उलटी पडते.

नव्या लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, आतल्या बाजूला होनिंगच्या (घासकामाच्या) बारीक तिरप्या रेघा असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून एकदा नीट बसाव्या लागतात. रिंग स्वतःच्या ताणाने लायनरला टेकते हे खरे, परंतु तिला जोराने दाबून धरतो तो ज्वलनातून निर्माण होणारा आणि तिच्या मागच्या फटीत शिरणारा वायूचा दाब. तो भाराबरोबर वाढतो. भारच नसेल तर रिंगा तेलाच्या थरावरून नुसत्या घसरत राहतात, मागे राहिलेले तेल उष्णतेने भाजून लायनरवर वार्निशसारखा चकचकीत थर चढतो आणि होनिंगच्या रेघा बुजून जातात. मग इंजिन आयुष्यभर तेल खात राहते, आणि ते उघडून पुन्हा होनिंग केल्याखेरीज त्यावर सहसा इलाज नसतो.

गुरुवार

भार आणायचा कोठून, हा खरा प्रश्न. 230 व्होल्टवर 12 किलोवॅट म्हणजे सुमारे 52 अँपिअर. त्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान 26 अँपिअर तरी मीटरवर दिसावेत असे मी ठरवले होते. दिवे, फ्रिज आणि पंप मिळून काटा जेमतेम हलला. दोन्ही एसी, पाण्याचा हीटर, बॅटरी चार्जर आणि स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी एकत्र लावली तेव्हा कोठे तो तिशीच्या पुढे सरकला. ऑक्टोबरचा उकाडा या कामी आला, नाहीतर एसी कोणी लावू दिले नसते. बोटींवरचे बहुतेक जनरेटर गरजेपेक्षा मोठे असतात, असे माझे जुने मत आहे. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो. त्या क्षणासाठी मोठे यंत्र घेतले जाते आणि मग वर्षानुवर्षे ते पाव भारावर धुमसत राहते.

भार एकदम टाकायचा नाही आणि एकाच पातळीवर ठेवायचाही नाही. यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटे मोकळे चालवून इंजिनातले पाणी गरम होऊ द्यायचे, मग एकेक उपकरण जोडत जायचे, दर अर्ध्या तासाने हीटर किंवा शेगडी बंद-चालू करून भार खालीवर करायचा आणि थांबवण्याआधी पुन्हा थोडा वेळ मोकळे चालवून यंत्राला निवू द्यायचे. चार पोलच्या आल्टरनेटरला (वीज तयार करणाऱ्या भागाला) 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 1500 फेरे लागतात. आमच्या यांत्रिक गव्हर्नरवर, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, मोकळ्या यंत्राचा आकडा 52 हर्ट्झच्या जवळ असतो आणि भार चढेल तसा तो खाली येतो, त्यामुळे अँपिअर न पाहताही यंत्रावर किती ओझे आहे याचा अंदाज येतो.

शनिवार

दुपारी इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून पडणारे समुद्राचे पाणी कमी दिसले म्हणून ताबडतोब यंत्र थांबवले. समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती आणि तळाशी बंदराचा नेहमीचा गाळ साचला होता. इम्पेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे चाक, काढून पाहिला. पाती शाबूत होती. पुन्हा सुरू करताना एक गोष्ट तांडेलांना मुद्दाम दाखवली: इंजिन लवकर पेट घेत नसेल तर स्टार्टर मारत राहण्यापूर्वी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा वायू नसतो. एक्झॉस्टचा मफलर (आवाज दाबणारी टाकी) भरला की ते पाणी मागे फिरून थेट सिलिंडरमध्ये शिरते. नवे इंजिन पहिल्याच आठवड्यात असे बुडवल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत.

धूर आता विरळ झाला आहे. डिपस्टिकवरची तेलाची घट पहिल्या दिवशी स्पष्ट जाणवत होती. आज ती जवळजवळ नाही.

बुधवार

50 तास भरले. तेल गरम असतानाच उपसले. त्यात अपेक्षेप्रमाणे धातूची करडी झाक होती. फिल्टर बदलला, पट्ट्याचा ताण वाढवला, पायाचे बोल्ट आवळले आणि व्हॉल्व्हचे क्लिअरन्स तपासले. तेल पुन्हा साधे खनिज 15डब्ल्यू-40 च घातले. सिंथेटिकचा आग्रह मालकांनी धरला होता, पण रिंगा पूर्ण बसल्याची खात्री होईपर्यंत ते मला नको आहे.

मालकांना एक गोष्ट लेखी कळवली. थंडीत एसी बंद राहतील, तेव्हा रात्री दोन दिवे आणि फोन यांच्यासाठी जनरेटर चालवू नये. ते काम बॅटरीवर भागवावे आणि जनरेटर लावायचाच असेल तर पाण्याचा हीटर आणि चार्जर सोबत लावून तासाभरात काम उरकावे. तांडेलांनी हीटरच्या स्विचवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.