तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट पीस तापतो, मशीन बिघडलंय का?

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडून हा प्रश्न हमखास येतो. ३०४ स्टेनलेसचा (स्टेनलेस स्टीलचा एक नेहमीचा ग्रेड) टेस्ट पीस फटीग मशीनवर, म्हणजे तोच लोड पुन्हा पुन्हा देऊन धातू कधी तुटतो ते बघणाऱ्या मशीनवर, चटका बसण्याइतका तापतो, माइल्ड स्टीलचा कोमटच राहतो, असं का?

मशीन ठीक आहे. जास्त लोडला दर फेऱ्यात धातू थोडा कायमचा सरकतो आणि त्या कामाची बहुतेक उष्णता होते. ती पीस धरणाऱ्या ग्रिपकडे निघून जायला हवी, पण ३०४ ची उष्णतावाहकता माइल्ड स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश. स्टेनलेसवर कटिंग टूलच्या टिपा का जळतात ते टर्नरला विचारा, कारण तेच. तापमान आधी झपाट्याने चढतं, मग बराच वेळ स्थिरावतं, आणि तडा वाढू लागला की पुन्हा उसळतं.

खरी अडचण पुढेच आहे. ३०४ वर गार असताना ताण पडला की त्यात मार्टेन्साइट (स्टीलची कडक, चुंबकाला ओढणारी रचना) तयार होतं, धातू कडक होतो. पीस वीस-तीस अंशांनी तापला तरी ते बरंच कमी होतं. म्हणजे लोड तोच, पण फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती फेरे) बदलली आणि पीस कमी-जास्त तापला, तर तुम्ही जणू वेगळाच धातू तपासताय. दोऱ्याला बांधलेला लहान चुंबक तुटलेल्या जागेजवळ न्या. गार चाललेल्या पीसकडे तो ओढला जातो. (कोल्ड ड्रॉन बार आधीपासूनच थोडा ओढतो, म्हणून चाचणीआधीही बघा.) ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये हा प्रकार फार कमी.

तापमान मोजताना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) गेजवर, म्हणजे पीसच्या मधल्या बारीक भागावर, स्पॉट वेल्ड करू नका, तडा तिथूनच सुटतो. काचतंतूच्या दोऱ्याने बांधा. थर्मल कॅमेरा असेल तर मॅट काळा रंग मारा. पॉलिश केलेल्या पीसवर तळहात जवळ नेऊन बघा: आकडा हलला तर कॅमेरा धातू नाही, तुमचा हात मोजतोय. शेजारी तसाच रंगवलेला बिनलोडचा पीस टांगा आणि त्याचं तापमान वजा करा, कारण इथे दुपार आणि पहाट यांत फरक बराच पडतो. ताणाला पीस गार आणि दाबाला गरम होतो तो फरक १०० मेगापास्कलला साधारण ०.१३ अंश; त्याकडे लक्ष देऊ नका, फेऱ्यांची सरासरी घ्या.

१ कोटी फेऱ्यांना ५० हर्ट्झला सव्वादोन दिवस लागतात, १० ला साडेअकरा. मोह कळतो. पण पीस तापत असेल तर आधी फ्रिक्वेन्सी उतरवा, पंखा नंतर. आणि रिपोर्टात फ्रिक्वेन्सी आणि पीसचं तापमान, दोन्ही आकडे लिहा. पावसाळ्यात लाइट गेली की पीस गार होतो. पुन्हा सुरू केल्यावर येणारा चढ तडा समजून मशीन थांबवू नका.